टावरसाठी आणलेलं मशीन

माझी नात सहा महिन्यांची झाली, तरी तिनं आमच्या घराचा उंबरा बघितला न्हवता. डेअरीवर दूध घालायला गेलं की बायका इचारायच्या, "सविताबाई, सून कवा येणार?" लग्नाला गेलं की तिथं बी तेच. मी म्हणायची, "येईल की, घाई काय हाय." आन् घरी येऊन भांडी आपटायची.

घाई काय हाय म्हणं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. दोन-तीन महिने झाले की लेकीची ओटी भरायची, बाळंतविडा द्यायचा आन् सासरी धाडायचं, ही बी रीतच. पण भांडगावची आमची विहीण, अंजनाबाई, तिनं निरोप धाडला. तुमच्या घरामागं मोबाईलचा टावर हाय, त्यातनं रेडिएशन येतं, लेकराच्या कवळ्या टाळूला ते सोसायचं न्हाई. टावर काढा, मग सायलीला धाडते.

आता टावर म्हंजी काय माझ्या डोक्यातली पिन हाय, काढली आन् फडताळात ठेवली? नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, पण सांगितल्याबिगर कळायचं न्हाई. आमच्या ह्यांनी, जयसिंगरावांनी, परड्यातला कोपरा कंपनीला करारानं दिला. तवा सायलीचं लग्न बी झालं न्हवतं. स्थळ बघायला हीच विहीण आली व्हती. परड्यात उभी राहून, टावरकडं वर बघून म्हणाली व्हती, "बरंय, रेंज चांगली येत असंल." तवा चांगली व्हती रेंज. नात झाल्यावर वाईट झाली.

माझा ल्योक इंद्रजीत रांजणगावच्या कंपनीत कामाला हाय. सुट्टीच्या दिवशी भांडगावला जायचा, लेकीला मांडीवर घेऊन फोटो काढायचा आन् मला आणून दाखवायचा. मी म्हणायची, "फोटोच्या गालाचा मुका घेता येत न्हाई रं." तो नुसता हसायचा. तो बापावर गेलाय. दोघंबी मऊ. घरात एक तरी तिखट पाहिजे म्हणून देवानं मला धाडलं असंल.

एक दिवस तोच म्हणाला, "आई, मोबाईलवर मिळतंय मशीन. घरगुती. हातात धरायचं, रेडिएशन किती ते सांगतं. मोजून दाखवू त्यांना." मला पटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मशीनच बोलंल, मग विहीण काय बोलंल?

पण ते मशीन घेणं म्हंजी काय सोपं काम वाटलं का तुमाला? एक तर त्या मोबाईलात मशीनं ढीगभर. सगळ्याचं नाव रेडिएशन. एक टीव्हीच्या रिमोटावाणी, एक थर्मामीटरवाणी, एकाला लाल बटण, एकाला शिंग. खाली मराठीत लिहिलेलं, "हाताने धरलेला विकिरण शोधक आपल्या कुटुंबाला शांती अर्पण." मी इंद्रजीतला म्हणलं, ही जाहिरात हाय का श्रद्धांजली? खाली घेणाऱ्यांनी लिहिलेलं, कुणी म्हणतंय "रंग छान आहे", कुणी म्हणतंय "पॅकिंग चांगलं". अरं, रंगाचं काय लोणचं घालू? रेडिएशन कळतं का न्हाई, ते एकानं लिहिलं न्हवतं.

आमाला परवडणारं एक पसंत केलं, तर मोबाईल म्हणतो तुमच्या पिनकोडला माल येत न्हाई. न्हावऱ्याला ऊस न्यायला ट्रक येतो, कांदा न्यायला टेंपो येतो, मूठभर मशीन आणायला ह्यांना रस्ता गावत न्हाई. शेवटी शिरूरच्या एका वळखीच्या दुकानाचा पत्ता दिला. कुरिअरवाला मला फोन करून हिंदीत म्हणतो, "मॅडम, लोकेशन भेजो." मी म्हणलं, "बाबा, लोकेशन मी धाडत न्हाई, मीच येते." यष्टीनं शिरूरला गेले आन् घेऊन आले.

ते पांढरं मशीन, त्याला तीन दिवे. हिरवा, पिवळा, लाल. चालू केलं आन् मिक्सरजवळ धरलं, तर लाल झालं आन् कोकलायला लागलं. फ्रिजजवळ पिवळं. जीव मुठीत धरून परड्यात नेलं, टावरच्या बुडाला. हिरवं. पाळणा टांगायची जागा मी कवाच ठरवून ठेवली व्हती, माजघरातल्या हुकाखाली. तिथं बी हिरवं. मी ह्यांना म्हणलं, "बघा, आपलं लेकरू टावरनं न्हाई, चटणी वाटल्यानं आजारी पडंल."

इंद्रजीतनं सगळ्याचा व्हिडिओ काढून भांडगावला धाडला. मी तवर पाळण्याची दोरी धुऊन वाळत घातली व्हती. आन् फोन आला सायलीच्या भावाचा, सत्यजीतचा.

ह्या सत्यजीतचं थोडं सांगते. मनानं वाईट न्हाई पोरगा. कुरकुंभला नोकरीला व्हता, ती सुटली, मग तो त्या साखळीच्या धंद्यात शिरला. तुमी दोघांना जोडायचं, त्या दोघांनी आणखी दोघांना जोडायचं, आन् सगळ्यांनी मिळून आरोग्याच्या वस्तू खपवायच्या. गुडघ्याचा पट्टा, पाण्याची बाटली, काय काय. भाषण मात्र असं करतो की बसल्या जागी माणूस आजारी पडावा.

तो म्हणाला, "मावशी, तुमचं मशीन मिक्सरला वाजतंय आणि टावरला वाजत नाही. हे खेळणं हाय. खरं मशीन गायगरचं असतं, अणुभट्टीत वापरतात ते. गायगर आणा. आमच्या डोळ्यांदेखत ते नाही वाजलं, तर सायलीला मी सोता आणून सोडतो." मागनं विहिणीचा आवाज आला, "व्हय, गायगरच आणा म्हणावं." तिला गायगर म्हंजी म्हशीची जात वाटली असती तरी तिनं तेवढ्याच जोरात सांगितलं असतं. पण शब्द तर दिला. मी म्हणलं, शब्द दिलाय ना, मग आणते.

आमच्याकडनं दूध नेतात त्या राजश्री मॅडम, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. सांजच्याला त्या दुधाला आल्या तवा मी झालेलं सगळं सांगितलं आन् इचारलं, गायगर कुठलं घ्यावं. त्यांनी किटली खाली ठेवली. "पण सविताताई, टॉवरसाठी गायगर चालणार नाही. टॉवरचं रेडिएशन वेगळं, गायगर मोजतं ते वेगळं. गायगर किरणोत्सारी पदार्थांसाठी असतं. टॉवरजवळ ते काही दाखवणारच नाही. तुमचं पहिलं मशीन साधं आहे, पण निदान टॉवरच्या रेडिएशनच्या जातीचं तरी आहे."

मी म्हणलं, "म्हंजी जे मशीन टावरला चालतं ते त्यांना चालत न्हाई, आन् जे त्यांना चालतं ते टावरला चालत न्हाई?"

"असंच म्हणावं लागेल."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझं डोकं असं तापलं की त्यावर दूध उतू गेलं असतं. पण जरा वेळानं इचार केला. गायगर टावरजवळ वाजणारच न्हाई म्हणतायत मॅडम. मग बरंच की. न वाजणारंच तर पाहिजे. त्यांनीच मागितलंय, त्यांनाच दाखवू. ह्यात माझं काय खोटं? मॅडम कायतरी बोलायला गेल्या, पण मी त्यांना दूध जास्तीचं घातलं आन् इषय मिटवला.

गायगरचं पहिलं खोकं आलं ते मेलेलंच. बटण दाबा, न्हाई तर डोक्यावर आपटा, ढिम्म. परत करायचं तर कंपनीचा फोन म्हणतो हिंदीसाठी दोन दाबा, इंग्रजीसाठी एक दाबा. दोन दाबलं की गाणं लागायचं. गाणं संपलं की बाई म्हणायची तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आन् कट. कट म्हंजी कटच. पुन्हा पहिल्यापास्नं. भाकरी थापता थापता मी ते गाणं गुणगुणायला लागले तवा ह्यांनी माझ्याकडं काळजीनं बघितलं. शेवटी इंद्रजीतनं कंपनीतनं कुणाला तरी इंग्रजीत भांडायला लावलं, तवा दुसरं खोकं आलं.

हे जिवंत निघालं. पिवळं, मुठीएवढं, वर आकडे. चालू केलं आन् आपलं बोलायला लागलं. टिक. टिक. जरा थांबून पुन्हा टिक. मी परड्यात पळाले, तर टिक. गोठ्यात टिक. उसाच्या बांधावर टिक. देव्हाऱ्यापुढं सुदिक टिक. मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "घाबरू नका, एवढं सगळीकडे असतं. मातीतून येतं, आभाळातून येतं. आकडा लहान आहे ना? मग ठीक. सलग वाजायला लागलं, आकडा वाढला, तर मला सांगा."

हे म्हणाले, "सगळीकडंच असतं तर मग मोजायचं कशाला?" मी म्हणलं, "तुमी गप बसा." पण खरं सांगते, मला बी तेच वाटलं व्हतं.

इंद्रजीतला सुट्टी मिळंना, म्हणून मी आन् हे निघालो गाडीवर. दोन्ही मशीनं पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. न्हावरं सोडलं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं भीमेचा पूल ओलांडला, चौफुल्याला वळलो आन् हायवेनं भांडगाव गाठलं. वाटंत मी मनात बोलणं पाठ करत व्हते. आधी काय बोलायचं, मग काय. विहिणीनं अमकं म्हणलं तर आपण तमकं म्हणायचं. भांडायचं न्हाई, सविता, लेकरू आणायचं. एवढंच.

विहिणीनं चहा केला, बसायला सतरंजी टाकली. मानपानात ती कवा कमी पडली न्हाई, ते मी कबूल करते. सायली बाळाला घेऊन बाहीर आली, वाकून नमस्कार केला. "बऱ्या आहात ना आत्या?" सून मला आत्याच म्हणते. हडकली व्हती. नात मात्र गुबगुबीत, डोळे इंद्रजीतचे. तिनं माझ्या पदराला हात घातला आन् माझं पाठ केलेलं निम्मं बोलणं तिथंच गेलं.

सत्यजीत समोर खुर्चीत. मी आधी पांढरं मशीन काढलं. त्यांच्याच घरात, त्यांच्या इंटरनेटच्या डबीजवळ धरलं. लाल. डबी कुठं, तर पाळण्याच्या वरच्या फळीवर. मी नुसतं विहिणीकडं बघितलं. सत्यजीत म्हणाला, "ते खेळणं ठेवा मावशी. गायगर आणलंय का?"

मी गायगर काढलं. आमच्या परड्यातला, टावरच्या बुडाला काढलेला व्हिडिओ ह्यांनी दाखवला, आकडा लहान. मग इथलं दाखवलं, आकडा तेवढाच. टिक, टिक. सत्यजीतनं खुर्चीतनंच मान वाकवून मशीनवरचं नाव वाचलं, आन् त्याचं तोंड जरा उतरलं. विहीण पोराकडं बघायला लागली. मला आतनं उकळ्या फुटत व्हत्या, पण तोंड मी सरळ ठेवलं व्हतं. हे म्हणाले, "मग विहीणबाई, दिवस बघायचा का?"

विहीण कायतरी म्हणणार, तेवढ्यात मी मशीन सतरंजीवर ठेवलं आन् नातीला मांडीवर घेतलं.

मशीन कडाडलं. टिक टिक न्हवं, फुटाण्याच्या भट्टीवाणी, सलग. वर आकडा चढायला लागला आन् शिट्टी वाजायला लागली. मी लेकराला उचलून मागं सरले, शिट्टी थांबली. ह्यांनी मशीन उचलून पुढं आणलं, पुन्हा वाजली. लेकराच्या अंगाला काय झालंय, एवढंच माझ्या मनात. सायली रडकुंडीला येऊन ह्यांना म्हणाली, "मामा, तिच्या पोटाजवळ धरा. आता डोक्याजवळ. आता पुन्हा पोटाजवळ." डोक्याजवळ कमी, पोटाजवळ कडाड. तिनं झबलं वर केलं. कमरंला काळा करदोडा, आन् करदोड्याला एक काळी चकती, रुपयाएवढी.

"हे काय?" मी इचारलं.

"ते आपलं पेंडंट," सत्यजीत म्हणाला. "रेडिएशन मारायचं. टावरचं, मोबाईलचं, सगळं मारतं. मामाकडनं भाचीला." आन् त्यानं गळ्यातली दोरी वर काढून आपली चकती दाखवली. ह्यांनी मशीन तिच्याजवळ नेलं. तिथं बी कडाड.

मी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, "अशा काही चकत्यांमध्ये थोरियम असलेली माती घालतात, मी वाचलंय. ताबडतोब काही होत नाही, पण ती अंगाला लावून ठेवायची वस्तू नाही, आणि बाळाच्या तर नाहीच नाही. आधी काढा. डब्यात घालून लांब ठेवा. वाद नंतर घाला."

झालं, मला वाटलं, आता संपलं. मशीन त्यांनी मागितलेलं, वाजलं त्यांच्या डोळ्यांदेखत, मॅडमनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. पण न्हाई. सत्यजीत खुर्चीतनं पुढं सरकला आन् म्हणतो कसा, "बघितलं का आई? मी सांगत होतो ना? पेंडंट रेडिएशन ओढून घेतं. सगळीकडचं ओढून स्वतःत साठवतं, बाळाला लागू देत नाही. म्हणूनच तिथं वाजतंय. हा तर पुरावा झाला."

"व्हय की," विहीण म्हणाली. तिच्या तोंडावर उजेड पडला. "आन् तुमी मांडीवर घेतलं तवाच वाजलं विहीणबाई. तुमी टावरखालनं आलाय."

पालथ्या घड्यावर पाणी ओतलेलं मी लई बघितलं, पण इथं घडाच मला पाणी पाजत व्हता. मी म्हणलं, "अवो, ते ओढत न्हाई, ते सोडतंय. मशीन तेच सांगतंय." सत्यजीत म्हणाला, मशीन वाजतं एवढंच सांगतं, कुठनं कुठं जातं ते सांगत न्हाई. मी म्हणलं, मॅडमनी सांगितलं ना. विहीण म्हणाली, मॅडम तुमचं दूध नेतात. मी म्हणलं, निदान आज तरी काढून ठेवा. ती म्हणाली, मामानं बांधलेलं वर्स व्हईपर्यंत सोडत न्हाईत. असली रीत माझ्या आईनं सांगितली न्हाई, सासूनं सांगितली न्हाई, पण दुसऱ्याच्या घरात बसून त्यांची रीत खोटी कशी म्हणायची? ह्यांनी माझ्या कोपराला हळूच हात लावला. म्हंजी आता आवाज चढलाय.

नात करदोड्याशी खेळत व्हती. ती चकती तिनं तोंडात घालायला ओढली, आन् सायलीनं तिचा हात धरला.

मग माझ्या ध्यानात आलं. ह्यांना खरं पटवायला बसले तर सांज व्हईल, भांडण व्हईल, आन् चकती तिथंच राहील. सत्यजीतनं तसली चकती निम्म्या गावाच्या गळ्यात बांधली असंल. ती वाईट म्हणली की तो वाईट झाला. आईसमोर, बहिणीसमोर, माझ्यासमोर. तो कसा कबूल व्हईल? त्याला वाट ठेवली पाहिजे. आन् व्याह्यांनी मागितलेल्या वस्तूला न्हाई म्हणत न्हाईत, ही रीत मात्र दोन्ही गावांत सारखीच हाय.

मी पदर सारखा केला. म्हणलं, "विहीणबाई, तुमचं खरं हाय. मशीन बिघडलेलं दिसतंय, आन् टावर काय चांगला न्हाई. लेकराला इथंच राहू द्या. तुमच्याजवळ ती सुखात हाय." हे माझ्याकडं बघतच राहिले. "पण आमी दोघं टावरखाली ऱ्हातो. इंद्रजीत ऱ्हातो. आमाला हिच्यापेक्षा जास्त गरज हाय. नातीचं म्हणून तेवढं पेंडंट मला द्या. मी माजघरात टांगीन."

सहा महिने ज्यासाठी झगडले ते मी सोताच्या तोंडानं सोडून दिलं. माजघरातला हुक डोळ्यापुढं आला, धुतलेली दोरी आली. पण लेकराच्या पोटावरची चकती त्याच्या बी पुढं व्हती.

सत्यजीत खूश झाला. खरंच खूश झाला. उठून आला, करदोड्याची गाठ त्यानंच सोडली, चकती मला दोन्ही हातांनी दिली. वर्साची रीत आता विहिणीला आठवली न्हाई. मी ती बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घातली आन् डबा ह्यांच्या हातात देऊन म्हणलं, गाडीला लावा, आत्ताच. हे बाहीर गेले.

आन् मग सत्यजीत म्हणाला, "मावशी, काळजी करू नका. बाळाला मी परवाच नवं आणतो. दोन आणतो. एक कमरेला आणि एक पाळण्याला."

मी काय बोलणार? आत्ताच तर मी म्हणले व्हते मशीन बिघडलंय. आत्ताच तर मी चकती हात पसरून मागून घेतली व्हती. माझ्याच शब्दांनी माझं तोंड शिवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रागानं माझ्या डोळ्यात पाणी आलं, आन् विहिणीला वाटलं मी नातीला सोडून जाताना रडतेय. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागली.

सायली कवा उठली ते मला कळलं न्हाई. सतरंजीवरचं गायगर तिनं उचललं आन् लेकराच्या पोटाजवळ धरलं. टिक. टिक. आकडा लहान. मग ती भावाजवळ गेली आन् त्याच्या छातीजवळ धरलं. कडाडलं. पुन्हा लेकराजवळ, पुन्हा भावाजवळ. सत्यजीतनं दोन पावलं मागं घेतली तरी ती मशीन धरूनच व्हती.

"दादा," ती म्हणाली, "तू म्हणतोस पेंडंट सगळं ओढून घेतं आणि बाळाला लागू देत नाही. मग पेंडंट काढल्यावर बाळाजवळ वाजायला पाहिजे होतं. उलटं शांत कसं झालं?"

सत्यजीत म्हणाला, "ते मशीन..." आन् त्याचा हात गळ्यातल्या दोरीकडं गेला.

"नवं आणायचं नाही. आणि ते गळ्यातलं काढ." मग ती माझ्याकडं वळली. "आत्या, दहा मिनिटं बसा. दुपटी घेते."

विहिणीचा हात माझ्या पाठीवरच राहिला. "कुठं निघालीस?"

"न्हावऱ्याला."

"टावरखाली?"

"टावर तिथंच आहे आई. ह्याच्या पिशवीत अजून किती पेंडंटं आहेत, तुला ठाऊक आहे का? उद्या मी आंघोळीला गेले की हा बांधेल. प्रेमानंच बांधेल." आन् ती आत गेली.

मला वाटायला पाहिजे व्हतं, जिंकले. सहा महिने ह्याच घडीची वाट बघितली व्हती. गावातनं वाजतगाजत न्हाई, पण निदान ओवाळून, ओटी भरून, दोन्ही घरची माणसं हसत असताना नात घरी येईल असं मी मनात मांडलं व्हतं. आन् इथं सत्यजीत गळ्यातली दोरी मुठीत धरून भिंतीकडं तोंड करून उभा, आन् विहीण सतरंजीवर तशीच बसलेली.

तिनं माझ्याकडं बघितलं. "विहीणबाई, तुमीच आत्ता म्हणला ना, टावर चांगला न्हाई, लेकरू इथंच राहू द्या?"

"म्हणले."

"आन् मशीन बिघडलंय म्हणला."

"चकती काढायला म्हणले. खोटं बोलले."

"मग खरं कवा बोलता?" ती म्हणाली. भांडायला न्हाई म्हणाली, खरंच इचारलं. "मला शाळा न्हाई. लेक एक सांगतो, तुमी एक सांगता, मशीन वाजतं. मी लेकराला जपायला गेले. मला कुणावर इश्वास ठेवायचा ते तरी सांगा."

इतके दिवस मी हिला मनात काय काय बोलले व्हते. मी म्हणलं, "टावरला हिरवा दिवा लागला व्हता, ते खरं हाय." तिनं मान हलवली, पण ती पटल्याची न्हवती.

ह्यांना मी सांगितलं, तुमी डबा घेऊन गाडीनं पुढं जावा, लेकराजवळ तो नको, आमी यष्टीनं येतो. ते गाडी सुरू करून निघून गेले. सायली पिशवी घेऊन आली, लेकरू तिच्या खांद्याला. मी पायात चप्पल घातली. विहीण उठून आत निघून गेली तवा मला वाटलं, आता ही बाहीर येत न्हाई.

ती आली. सुपात तांदूळ, नारळ, खण. दुसऱ्या हातात काजळाची डबी. सायलीला उंबऱ्याजवळ उभी केली आन् लेकीची ओटी भरली. तांदूळ घालताना निम्मे खाली सांडले. मग नातीच्या गालाला, कपाळाला आन् तळपायाला काजळाची तीट लावली, अशी दाबून की लेकरू कुरकुरलं. माझ्याकडं तिनं बघितलं न्हाई. मी खाली बसले आन् सांडलेले तांदूळ गोळा करून सायलीच्या ओटीत घातले.